गाळा आमचा, कुलूप त्याचं: मीडिएशनला जाऊ की नको?

एका वाचक बाईंचं पत्र आलंय, थोडं कमी करून देतोय, नाव-पत्ता अर्थातच काढलाय.

"नमस्कार वकीलसाहेब. बेळगावच्या शहापुरात आमचं जुनं घर आहे, खाली रस्त्याला लागून १२ बाय १८ चा एक गाळा. सासऱ्यांनी १९९४ ला तो मॅचिंगच्या दुकानासाठी भाड्यानं दिला, २५ हजार डिपॉझिट घेतलं, अॅग्रीमेंट वगैरे काही नाही, सासऱ्यांच्या डायरीत एक ओळ आहे तेवढीच. ते दुकानवाले २०१६ ला वारले, आता त्यांचा थोरला मुलगा बसतो. भाडं १८०० रुपये, शेजारच्या तेवढ्याच गाळ्याला ९ हजार मिळतात. माझे मिस्टर २०१९ ला गेले. मुलगा पुण्याची नोकरी सोडून येतोय, त्याला तिथं मोबाईल रिपेअरिंग टाकायचंय. वकिलांकडून नोटीस दिली, २०२३ ला केस घातली, तेव्हापासून नुसत्या तारखा. तो म्हणतो आम्ही लाख रुपये पागडी दिली, तीस वर्षं झाली, गाळा आमचाच. आता जजसाहेबांनी मीडिएशनला पाठवलंय. दीर म्हणतात, 'वैनी, तुम्ही तडजोडीला जाऊलालाय म्हंजे केस कच्ची आहे असं तो समजंल, त्यापेक्षा एका रात्री कुलूप लावून मोकळं होऊया.' मी काय करू? मुलाला सोबत नेऊ का?"

वहिनी, जा. आधी उत्तर सांगून टाकलं कारण तुमची तारीख जवळ आलीय आणि एवढं सगळं वाचायला तुम्हाला वेळ मिळेल न मिळेल.

पहिलं म्हणजे तुम्ही तडजोड मागायला गेलेला नाही, कोर्टानं पाठवलंय, मीडिएटर म्हणजे मध्यस्थासमोर बसून वाद बोलून मिटतो का बघायला. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ त्यासाठीच आहे, आणि सुप्रीम कोर्टानं २०१० ला अॅफकॉन्सच्या केसमधे कुठले वाद मीडिएशनला पाठवण्यासारखे असतात याची यादीच दिली, त्यात घरमालक-भाडेकरू हे नाव घेऊन लिहिलंय. म्हणजे तुमच्यासारख्या फायली रोज जातात. आत तुम्ही जे बोलाल ते उद्या कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही, "या बाईंनी दीड लाख द्यायची तयारी दाखवली होती" असं त्याच्या वकिलाला उलटतपासणीत म्हणता येणार नाही, आणि मीडिएटर जजना फक्त एवढंच कळवतो की मिटलं किंवा नाही मिटलं. नाही मिटलं तर फाईल जशी गेली तशी परत येते आणि केस होती तिथून पुढं चालू होते. मग कच्ची कशी झाली? मीडिएटर तुमच्याकडून फीही घेत नाही, आणि मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळायची तरतूद आहे, त्याचा अर्ज तुमच्या वकिलांना आठवणीनं करायला सांगा, हे राहून जातं.

आता तुमची बाजू किती पक्की आहे ते बघू, कारण आपल्या हातात काय आहे ते माहीत नसताना सौद्याला बसायचं नसतं. तुमचा गाळा १२ बाय १८ म्हणजे २१६ स्क्वेअर फूट, साधारण २० चौरस मीटर. कर्नाटकाचा भाडे कायदा १९९९ चा, लागू झाला २००१ च्या शेवटी, आणि तो १४ चौरस मीटरपेक्षा मोठ्या व्यापारी गाळ्याला लागूच होत नाही. तुमचा गाळा त्याच्या बाहेर म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आला, आणि त्याच्या कलम १०६ खाली महिन्याच्या भाडेकरूला १५ दिवसांची नोटीस दिली की भाडेकरार संपतो. तुम्हाला गाळा मुलासाठी हवाय की कुलूप लावून रिकामा ठेवायचाय हे सिद्ध करायचीही गरज नाही. माप मात्र वकिलांकडून एकदा रीतसर घेऊन ठेवा, सगळी केस त्या मापावर उभी आहे. १४ च्या आत असता तर चित्र वेगळं होतं, मग मालकाला कायद्यातलं कारण दाखवावं लागतं, आणि भाडेकरू वारला तर त्याच्या घरच्यांना फक्त पाच वर्षं तो हक्क राहतो, तेही ते त्याच्यासोबत राहत किंवा धंदा करत असतील तर.

तो म्हणतो तीस वर्षं झाली, गाळा आमचा. हे मी दर आठवड्याला ऐकतो. बारा वर्षं झाली की भाडेकरू मालक होतो असं आपल्याकडं कुणी पसरवलंय देव जाणे, पण जो भाडं देत बसलाय तो मालकाच्या परवानगीनंच बसलाय, त्याला मालकाची मालकी नाकारताच येत नाही, बारा काय नि साठ काय. पागडीचंही तसंच, लाख दिले असतील तर त्याचा हिशोब होईल, पण पैसे दिले म्हणून मालकी येत नाही. आणि ते कोल्हापूरचे पाहुणे असतात ना प्रत्येकाचे, जे सांगतात की लीव्ह अँड लायसन्सचं अॅग्रीमेंट करा, मुदत संपली की सक्षम अधिकाऱ्याकडं अर्ज टाका, झटक्यात खाली. ते त्यांच्याकडं राहत्या जागेपुरतं खरं आहे, तो महाराष्ट्राचा कायदा आहे, कोगनोळी ओलांडून कर्नाटकात आलं की संपला. तसाच शहापूर-वडगावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून बॉम्बे रेंट अॅक्ट असतो, तर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) आला, १९६१ ला इथला वेगळा भाडे कायदा झाला आणि आता तोही जाऊन १९९९ चा आलाय.

एवढं पक्कं आहे तर मग तडजोड का करायची? कारण हक्क पक्का असणं आणि किल्ली हातात येणं यात वर्षं जातात, आणि ती वर्षंच तुमच्या भाडेकरूचं खरं भांडवल आहे. निकाल तुमच्या बाजूनं लागला तरी तो अपील करणार, तिथं हरला की धारवाडला हायकोर्टाच्या बेंचात जाणार, प्रत्येक ठिकाणी आधी स्टे मागणार. त्याला जिंकायचं नाहीच, १८०० रुपयांत ९ हजाराच्या जागेत जेवढं बसता येईल तेवढं बसायचंय. तुमचा हिशोब साधा आहे, महिन्याला ७,२०० बुडतात म्हणजे वर्षाला ८६,४००. समजा तुम्ही त्याला दीड लाख देऊन आठ-दहा महिन्यांत गाळा मोकळा करून घेतला तर ते पैसे पावणेदोन वर्षांत भरून निघतात. माहितीय, "आमच्याच जागेतून जायला आम्हीच पैसे द्यायचे?" हे मनात येणार, प्रत्येक मालकाच्या येतं, मलाही ते न्यायाचं वाटत नाही. पण तुम्हाला न्याय हवाय की दुकान टाकायचंय हे आधी घरात बसून ठरवा, मुलगा पुण्याची नोकरी सोडून येतोय, त्याचं वय धारवाडच्या तारखांसाठी थांबणार नाही. आणि द्यावेच लागतील असंही नाही, मी आकडा फक्त वरची मर्यादा कशी काढायची ते दाखवायला दिलाय.

दिरांच्या कुलपाबद्दल. अजिबात नको. केस कोर्टात चालू असताना रात्री कुलूप लावलं तर सकाळी तो पोलिसात जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६ आहे, कायदेशीर मार्ग सोडून ताबा काढला तर सहा महिन्यांच्या आत दावा टाकून तो ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हे बघतच नाहीत. म्हणजे तीस वर्षांत पहिल्यांदा त्याची बाजू खरी होईल आणि ती तुम्ही करून दिलेली असेल. हेस्कॉमचा लाइटचा मीटर काढणं, पाण्याचा नळ बंद करणं, शटरसमोर वाळू टाकणं, सगळं त्यातलंच.

आता आत काय होतं ते. मीडिएटर बहुतेक ट्रेनिंग घेतलेले वकील असतात, जज नसतात, ते निकाल देत नाहीत त्यामुळं त्यांना पटवून काही मिळत नाही. आधी सगळ्यांना एकत्र बसवतात, मग एकेका पार्टीला वेगळं. खरं काम त्या वेगळ्या बसण्यात होतं. निपाणीकडची एक केस सांगतो, पिठाच्या गिरणीची. गिरणीवाला दोन बैठका नुसतं "जाणार नाही" एवढंच म्हणत होता, मालक म्हणत होता हा पैसे उकळायला बसलाय. वेगळं बसवल्यावर कळलं की त्यानं दुसरी जागा कधीच बघून ठेवलीय, पण तिथं थ्री फेज कनेक्शन नाही, अर्ज टाकलाय, डिपॉझिट आणि खांबापासून वायर ओढायचा खर्च एकदम जमत नाही, आणि हे मालकासमोर बोलायला त्याला लाज वाटत होती. मीडिएटरनं त्याची परवानगी घेऊन एवढंच मालकाला सांगितलं. मालकानं कनेक्शनचा खर्च उचलला, तो गणपतीच्या आधी गिरणी उचलून गेला, ठरलेल्या तारखेच्याही आधी. मालक पंचवीस-तीस हजारात सुटला, ज्याच्याकडं मागच्या दाराने दोन लाखाचा निरोप आला होता.

तुमच्या मॅचिंगवाल्याचंही असंच काहीतरी असणार. मला विचाराल तर त्याची भीती गिऱ्हाईकाची आहे. मॅचिंगच्या दुकानाला बायका पाटी बघून येत नाहीत, पायाला सवय झालीय म्हणून येतात, शहापुरात साडी घेतली की तिथून चार पावलांवर फॉल-पिको. जागा बदलली की ती सवय दुसऱ्याच्या दुकानात जाणार. मग तुम्ही म्हणू शकता की लग्नसराई आणि दिवाळी तुझ्या जुन्या जागेतच काढ, सहा महिने शटरवर "दुकान अमुक गल्लीत हलवलं आहे" अशी पाटी राहू दे, आमचा मुलगा आलेल्या गिऱ्हाईकाला पत्ता सांगेल. याला तुम्हाला एक रुपया लागत नाही आणि त्याला ते पन्नास हजाराच्या ठिकाणी वाटू शकतं. पैशावर शेवटी या, सुरुवात तिथून करू नका. आणि तो एकत्र बैठकीत सासऱ्यांबद्दल काही वाकडं बोलला तर गप्प बसा, बोलू दे, दहा वर्षांचं साचलेलं असतं, ते निघाल्याशिवाय माणूस तारखेवर येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कागद. मीडिएशनमधे मन मोठं ठेवा आणि कागद घट्ट ठेवा. "लवकरात लवकर खाली करून देतो" असं लिहिलेला समझोता म्हणजे नवीन केसचं बी. कॅलेंडरवरची तारीख पाहिजे, ३१ मार्च तर ३१ मार्च. पैसे ठरले तर केव्हा, कसे, बँकेतून की डीडीनं, आणि मोठा हिस्सा किल्ली हातात आल्यावर त्याच टेबलावर, आधी नाही. डिपॉझिट २५ हजार की लाख हा वाद तिथंच एका आकड्यावर मिटवून टाका, नंतरसाठी ठेवू नका. जायच्या तारखेपर्यंत महिन्याला किती द्यायचे, लाइट बिल कुणी भरायचं, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, तारीख चुकली तर दिवसाला किती भरपाई. आणि एक गोष्ट जी नेहमी विसरली जाते, त्याचं ट्रेड लायसन्स आणि जीएसटीचा पत्ता. तो गेला पण महापालिकेत नि जीएसटीत गाळा त्याच्याच दुकानाच्या नावानं राहिला तर तुमचा मुलगा लायसन्स काढायला गेल्यावर हेलपाटे सुरू.

सह्या. दुकानात थोरला बसतो म्हणून एकट्याची घेऊ नका. वडील वारल्यावर भाडेकरूचा हक्क सगळ्या वारसांकडं आलेला असतो, आई, भाऊ, बहिणी, सगळ्यांच्या सह्या घ्या, नाहीतर थोरला जाईल आणि धाकटा म्हणेल मला कुणी विचारलं. तुमच्याकडूनही तसंच, मिस्टरांच्या मागं सीटीएस (सिटी सर्व्हे) उताऱ्यावर कुणाकुणाची नावं चढलीत ते बघा, मुलगी सासरी असली तरी तिची सही लागेल.

हा समझोता कोर्टात जातो, जज दोघांना विचारतात कबूल का, आणि त्याप्रमाणं डिक्री म्हणजे कोर्टाचा हुकूम होतो. अशा संमतीच्या डिक्रीवर नेहमीसारखं अपील नाही, म्हणजे धारवाडचा रस्ता जवळजवळ बंदच. ३१ मार्चला नाही गेला तर नवीन केस घालायची नाही, तीच डिक्री एक्झिक्यूशनला म्हणजे अंमलबजावणीला टाकायची, कोर्टाचा बेलीफ येऊन ताबा देतो. निकाल लागेपर्यंत भांडून जे मिळणार तेच आहे हे, फक्त आत्ता.

कागद बहुतेक कन्नडात नाहीतर इंग्रजीत असेल, कोर्टाचं काम त्या भाषांतच चालतं. तुम्हाला नीट वाचता येत नसेल तर लाजू नका, ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवायला सांगा आणि खाली "मराठीत वाचून दाखवलं, समजलं, कबूल" असं लिहून घेऊन मगच सही करा. घाईघाईत "ताई इथं इथं सही" असं कुणी म्हटलं तर पेन खाली ठेवा. तुमच्या पत्रात दिरांचं आणखी एक वाक्य होतं, जे मी वर छापलं नाही, की तो कन्नडवाला, कोर्टही त्याचंच ऐकणार. वहिनी, सीमावाद त्याच्या जागी, पण गाळ्याच्या केसमधे तो ओढू नका. मी इथं मराठी मालकानं मराठी भाडेकरूला आणि कन्नड मालकानं कन्नड भाडेकरूला नाकी नऊ आणलेले बघितलेत, नोटीस आणि पावती कुठल्या भाषेची बाजू घेत नाही. उलट तुमचा तो माणूस तीस वर्षं शहापुरात बायकांना मॅचिंग दाखवतोय, तुमच्या-माझ्यापेक्षा बरं मराठी बोलत असेल.

तो नुसता वेळ काढायला मीडिएशनला येतोय का ही शंका बरोबर आहे, येतात काही असे. त्याची परीक्षा सोपी, पहिल्या किंवा दुसऱ्या बैठकीत त्याच्या तोंडून एखादी तारीख येते का बघा, लांबची असली तरी चालेल. तारीखच निघत नसेल, वकील येतो आणि पार्टी येत नाही असं चाललं असेल तर आपल्या वकिलांना सांगून फाईल परत पाठवायला सांगा, तिथं महिने घालवू नका. आणि या काळात तो भाडं देईल ते घेताना जपून. नोटीस दिल्यावर नेहमीसारखं भाडं घेत राहिलात तर उद्या तो म्हणेल नोटीस माफ केली. पावतीवर "केसमधले हक्क राखून, जागा वापरल्याची भरपाई म्हणून" असं स्पष्ट लिहा, कार्बन कॉपी ठेवा. गुगल पे वर टाकले असतील तर त्याच दिवशी वकिलांकडून तसं लेखी कळवा.

ज्या वाचकांची केस अजून कोर्टात गेलेली नाही, खानापूर, चिकोडी, निपाणीकडून अशी पत्रं बरीच येतात, त्यांनी आधी तालुका कायदे सेवा समितीत साधा अर्ज करून बघावा, केस घालायच्या आधीही समोरच्याला बोलावून मिटवता येतं, लोकअदालतीत मिटलं तर तो निवाडा डिक्रीसारखाच असतो. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच आहे ते. कायदे सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करून विचारा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मुलाला न्या, उताऱ्यावर नाव असेल तर त्याची सही लागणारच, आणि गाळा कशाला हवाय हे त्याच्या तोंडून ऐकलेलं बरं, त्या थोरल्यालाही समोर एक धंदा उभा करू बघणारा पोरगाच दिसेल. पुण्याहून यायचं तर रजा आत्ताच टाकायला सांगा, आणि अजिबात जमत नसेल तर मुखत्यारपत्र करायला वकिलांना आजच सांगा, आदल्या दिवशी धावपळ नको. सासऱ्यांची डायरी सोबत असू दे पण दाखवायची ती झेरॉक्स, मूळ डायरी पिशवीतून बाहेर काढू नका. दिरांना कोर्टाच्या आवारात चहा पाजा, आत नको.